पान्याला लावलेला पाइप

पर्थहून ॲडलेडला गाडीने जाऊन आलो, त्याला आता महिना होत आला, तरी एक गोष्ट मनात खुपते आहे. वाटेत केग्युनाच्या रोडहाउसच्या अलीकडे टायर फुटला आणि अनोळखी नवरा-बायकोने आमची सुटका केली, हे सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो आणि म्हणतो, "अशा वेळी देवच पाठवतो गं कुणाला तरी." सासूबाई तर तिथेच रस्त्याकडेला उभ्या राहून पांडुरंगाला हात जोडून मोकळ्या झाल्या. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या दोघांनी केलेली मदत काही आयत्या वेळी आभाळातून पडलेली नव्हती. घरून निघतानाच ती त्यांच्या गाडीत भरलेली होती, आणि नेमकं तेच कुणी लक्षात घेत नाही.

बॅलडोनियापासून थोडं पुढे गेलं की एअर हायवे १४६.६ किलोमीटर नाकासमोर सरळ जातो, केग्युनापर्यंत एकही वळण नाही. मधे वस्ती नाही, पाणी नाही, आणि रोडहाउस मागे पडलं की फोनला रेंजही नाही. आमचा मागचा डावा टायर गेला तो इथे. स्टेपनी होती, जॅक होता. नट मात्र हलेनात. टायरच्या दुकानात ते हवेच्या गनने आवळलेले, आणि गाडीबरोबर मिळणारा पाना जेमतेम वीतभर. नवरा पान्यावर उभा राहिला तरी नट तसूभर सरकला नाही. तेवढ्यात समोरून एक मोठा ट्रक आला, जरा हळू झाला, ड्रायव्हरने हात वर केला आणि तो निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने मागून एक कॅराव्हॅनवाली गाडी येऊन थांबली. सत्तरीच्या बाई उतरल्या आणि सासूबाईंकडे बघत त्यांनी पहिलं विचारलं, "प्यायचं पाणी पुरेसं आहे ना?" मग कळलं, त्यांना आमची खबर त्या ट्रकवाल्यानेच दिली होती. केग्युनाच्या बाजूला डावीकडे पांढरी गाडी आहे, बरोबर वयस्कर बाई आहेत, एवढं त्याने गाडीतल्या यूएचएफ रेडिओवर सांगितलं होतं. भरलेला ट्रक कडेच्या खडीवर उतरवणं सोपं नसतं आणि पुन्हा वेग घ्यायला त्याला बराच वेळ लागतो. जो थांबू शकत होता त्याच्यापर्यंत त्याने निरोप पोचवला. तो न थांबताही मदत करून गेला होता.

बाईंच्या यजमानांनी कॅराव्हॅनच्या पेटीतून मीटरभर लांबीचा नळाचा जुना पाइप काढला. एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला होता, पकड यावी म्हणून. पाइप पान्याच्या दांड्यावर सरकवला, तळव्याने खाली दाबला, आणि कट्ट आवाज करून नट सुटला. एकामागून एक सगळे सुटले. पैशांचं नाव काढलं तर त्यांना आवडलं नाही. उलट बाईंनीच आमच्या हातात संत्र्यांची पिशवी दिली, कारण पुढे सेड्युनाच्या तपासणी नाक्यावर फळं काढूनच घेतात. आमची स्टेपनी बारीक, ८० च्या वर चालवू नका असं तिच्यावरच छापलेलं, म्हणून केग्युनापर्यंत ती दोघं आमच्या मागे मागे ८० नेच आली.

हे सगळं बघून मला आठवली ती एसटी. पसरणी घाटात गाडी बंद पडली की कंडक्टर खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा. मागची एसटी कितीही भरलेली असो, थांबायची. त्याच तिकिटावर आम्हा सगळ्यांना आत घ्यायची. आधीच उभे असलेले लोक कुरकुरत का होईना, पोटं आत घेऊन जागा करायचे. कुणीतरी लेकुरवाळीला बसायला द्यायचं, आमची ट्रंक कुणाच्या तरी पायावर ठेवलेली असायची. पाचगणीला उतरल्यावर त्या ड्रायव्हरला देवमाणूस म्हणून कुणी नमस्कार केलेला मी पाहिला नाही. रीतच ती. आज तुमची गाडी, उद्या आमची. आणि म्हणूनच तिचा भरवसा वाटायचा, कारण कुणाला त्या दिवशी दया येते की नाही यावर ती अवलंबून नव्हती. नल्लारबोरच्या त्या सरळ रस्त्यावर तीच रीत मला दिसली, फक्त इथे महामंडळ नाही, माणसांनी आपणहून ठेवलेली आहे.

पर्थमध्ये भर रस्त्यात बोनेट उघडून उभं राहिलं तर शेकडो गाड्या शेजारून निघून जातात. शहरातली माणसं निष्ठुर असतात असं मी म्हणणार नाही. आरएसीची मदतीची व्हॅन येईलच, हे सगळ्यांनाच माहीत असतं. तरीसुद्धा काच खाली करून "फोन केलाय ना?" एवढं विचारायला काय हरकत आहे, असं मला वाटत राहतंच.

शाळेच्या सुट्ट्यांत आपली बरीच मंडळी एस्परन्स, अल्बनी, काल्बारीकडे निघतील, त्यांच्यासाठी थोडं. टायर बदलून घेतले की पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने तपासून घ्या. किती आवळायचे तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. निघण्यापूर्वी घरीच, गाडी जमिनीवर असताना, प्रत्येक नट एकदा सैल करून पुन्हा आवळून बघा. स्टेपनीत हवा आहे का तेही. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चरचं किट असतं, आणि टायरची बाजू फाटली तर ते निरुपयोगी. यूएचएफ रेडिओला स्वतंत्र लायसन्स काढावं लागत नाही: चॅनल ४० वर ट्रकवाले, १८ वर कॅराव्हॅनवाले, ५ फक्त आणीबाणीसाठी. तो लावून ठेवा, तुमच्यासाठी आणि दुसऱ्यासाठीही. पाणी स्वतःला लागेल त्याच्या दुप्पट घ्या. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालत निघू नका.

आम्ही आता मीटरभर पाइप घेतला आहे. नट सोडवून बघायचे असतील त्यांनी येत्या शनिवारी सकाळी उन्हाच्या आधी आमच्याकडे गाडी घेऊन या. चहा सासूबाई करणार आहेत.