काटा वर का चढत नाही

बोरगाव मेघे, वर्धा

चि. छोटीस,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तुझी गाडीच आहे. चिखलदऱ्याच्या थंडीत सकाळी शाळेला निघायचं, काचेवर बाष्प, हीटरमधून कोमट वारा, आणि टेम्परेचरचा काटा पाव भागाच्या वर जायला तयार नाही. वर तिथला मेकॅनिक म्हणतो, काटा खाली आहे म्हणजे इंजिन मस्त थंड आहे, बिनधास्त चालवा. हे ऐकून राहवलं नाही. इंजिन न तापणं हासुद्धा बिघाडच आहे, आणि घाटात धुकं असताना काच साफ होत नसेल तर तो तुझ्या जिवाशी खेळ आहे. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो. कागद हाताशी ठेवूनच बघ.

चालत्या इंजिनातलं पाणी 85 ते 90 अंशांच्या आसपास राहायला हवं. त्याच्या बरंच खाली राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो पेट्रोल वाढवून सोडतो. तुझं ॲव्हरेज पडलं ते यानेच. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि जळणातून तयार होणारी वाफ आतच थिजते. ऑइलचं झाकण काढून आतल्या बाजूने बघ, पिवळट साय धरलेली असेल. तेवढ्याने घाबरू नकोस. पण पट्टी ओढून खालचं ऑइलही बघ. तेही दुधाळ असेल आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटची शंका येते. तसं असलं तर गाडी हलवू नकोस, मला कळव.

माझा संशय मात्र मे महिन्यावर आहे. तू सुट्टीत इकडे होतीस तेव्हा गाडी गरम होत होती आणि कुठल्याशा गॅरेजात एका तासात 'ठीक' करून मिळाली. आपल्याकडे उन्हाळा 45 च्या पुढे गेला की सर्रास एकच इलाज करतात : थर्मोस्टॅट, म्हणजे मेकॅनिक ज्याला वॉल म्हणतात, तो काढून फेकायचा. मला या सवयीचा मनापासून राग आहे. त्या वॉलच्या पोटात मेण असतं. पाणी ठरलेल्या अंशाला पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं. वॉलच नसला तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरतं, आणि चिखलदऱ्याच्या हवेत ते तापणार कधी? परतवाड्याकडे घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला की काटा आणखी खाली पडतो म्हणालीस, तेही याला जुळतं.

आता खात्री कशी करायची ते सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू कर. ओढणी खोचून घे आणि पंख्यापासून हात लांब ठेव, कारण तो केव्हाही आपोआप लागू शकतो, काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरसुद्धा. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लाव. वॉल शाबूत असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो, आणि मग एकदम हात ठेववणार नाही इतका तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. याच वेळी पंख्याकडेही लक्ष दे. गार इंजिनावर एसी बंद असताना तो फिरत असेल, तर कुणीतरी पंखा 'डायरेक्ट' केलाय किंवा सेन्सर बिघडलाय.

कूलंटची पातळी बघायची ती गार गाडीवरच. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. पाणी फारच कमी असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि आत इंजिन भाजत असताना काटा खालीच राहतो; म्हणून खाली असलेल्या काट्यावर कधी विसंबू नकोस. काटा मधोमध येत असता आणि फक्त हीटर गार असता, तर मी हीटरच्या दोन नळ्या चाचपायला सांगितल्या असत्या. एक गरम, एक गार म्हणजे हीटरची जाळी तुंबलेली.

वॉल नवा घे, काही शे रुपयांत येतो. बसवण्याआधी घरी तपास. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. गंजात पाणी घेऊन वॉल दोऱ्याने मधे लोंबकळत सोड, बुडाला टेकू देऊ नकोस, थर्मामीटर लाव आणि पाणी तापव. आकड्याच्या आसपास त्याचं तोंड किलकिलं व्हायला लागेल, पुढच्या दहा-बारा अंशांत पुरतं उघडेल. तिकडे अकराशे मीटरवर पाणी 96 अंशांच्या जवळपासच उकळतं, तेव्हा 88 चा वॉल उकळीपर्यंत पूर्ण उघडला नाही तरी त्याला सदोष ठरवू नकोस. उघडायला लागला आणि गार होताना घट्ट मिटला की झालं.

मेमध्ये गाडी का तापत होती हा प्रश्न उरतोच, आणि तो त्या गॅरेजवाल्याने स्वतःला विचारायला हवा होता. आपल्याकडे कूलंटऐवजी बोरचं जड पाणी ओततात. पाणी तापवायच्या रॉडवर धरतो तसा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. बाहेरून धूळ आणि कापसाची फुसं पंखांमध्ये अडकतात. काही इंजिनांत वॉल काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि भर उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

संक्रांतीला येशील तेव्हा रेडिएटर उतरवून धुऊ, पाणी काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरू. तोवर मेकॅनिकला वॉल बसवू दे, हवेसाठी असलेलं छोटं छिद्र वरच्या बाजूला ठेवायला सांग, आणि पंखा एकदा लागून आपोआप बंद होईपर्यंत गाडी त्याच्या दारातून काढू नकोस. वरचा पाइप कसा तापला ते त्याच दिवशी फोन करून सांग.

तुझा,
मामा