डाव्या पानावर

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी उभारून आत आले तर लेक रडवेली होऊन बसलेली. "आई, अंग तापलंय गं याचं." मी कपाळाला हात लावला. मलाही गरमच लागलं. पण कलश धुऊन माझा हात नुकताच पाण्यातून निघालेला, आणि गार हाताला सगळंच गरम लागतं.

बाळाच्या अंगावर काय काय होतं ते पाहिलं. टोपडं, कुंची, दोन दुपटी, वर गोधडी. खिडकी बंद, आणि बाहेर सिन्नरचं चैत्रातलं ऊन. सगळं काढून एक सुती झबलं तेवढं ठेवलं आणि खिडकी उघडली. वीस मिनिटांनी थर्मामीटर लावला. आशाताईंनी दाखवलंय तसा: काख कोरडी पुसायची, टोक काखेत खोलवर जाऊ द्यायचं, दंड अंगाशी धरून बीप वाजेपर्यंत सोडायचा नाही. ९८.४. ताप नव्हता, आम्हीच त्याला उकडलं होतं.

डाव्या पानावर आकडा लिहिला. ही वही मी बाळाच्या जन्मापासून, म्हणजे ८ मार्चपासून ठेवते आहे. त्या दिवशी महाशिवरात्र होती, गोंदेश्वराला गर्दी होती आणि आम्ही दवाखान्यात होतो. डाव्या पानावर दूध कधी प्यायला, शू किती वेळा, शी कशी. उजव्या पानावर माझं मन. एकतीस वर्षं शाळेत हजेरी मांडली, हात स्वस्थ बसत नाही.

१४ एप्रिल, रविवार

बाळ आज सदतीस दिवसांचं. उद्या सव्वा महिना पुरा. घाटाखालून येणाऱ्या मुंबईकडच्या साईपालख्या दोन दिवस गावातून शिर्डीकडे चालल्यात. रामनवमी बुधवारी आहे. दिवसभर ढोल आणि भोंगे.

एवढ्या आवाजात बाळ झोपलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "गुणी आहे हो पोरगं, अज्जिबात त्रास नाही." मलाही कौतुक वाटलं. संध्याकाळी वही उघडली तेव्हा पोटात खड्डा पडला. दुपारी दोनपासून आठपर्यंत एकदाच प्यायला होता, तेही दोन मिनिटं. शू सकाळपासून तीनदा. एरवी चोवीस तासांत आठ-नऊ होतात, सहाच्या खाली कधी गेली नव्हती. जी शांतता आम्ही गुण समजत होतो ती मलूलपणाची होती.

रात्री ११.१० ला काखेत १००.९. कपडे मोकळे केले, पंखा मंद लावला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं: १०१.१. हा काही दुपट्याचा ताप नव्हता.

मग घर बोलू लागलं. जाऊबाईंनी फ्रिजमधून नातीची तापाची बाटली आणली, अडीच मिली द्या म्हणाल्या. विहीणबाई फोनवर तळपायाला कांद्याचा रस लावायला सांगत होत्या. धुरी झाली का, दृष्ट काढली का, आणि सव्वा महिन्याला एक दिवस राहिलाय, बाळंतिणीने रात्रीची वेस ओलांडू नये. कुणाच्याही बोलण्यात वाईट भाव नव्हता. प्रत्येकाला ते बाळ हवं होतं.

बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: किती दिवसांचं, आकडा किती, पितंय का. तिन्ही उत्तरं ऐकून म्हणाले, "औषध काही देऊ नका. आत्ता निघा. सकाळपर्यंत थांबू नका."

लेकीने निघण्याआधी अंगावर घेतलं. चार घोट प्यायला. पायाला कांदा लावला नाही, कपाळावर गार पाण्याची पट्टीही ठेवली नाही. मुलाने गाडी काढली. गाडी नसती तर १०८ ला फोन केला असता, तोही नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर पहिल्या दिवशीच लिहून ठेवलाय. आडव्या फाट्याजवळ पालखीतली माणसं रस्त्याकडेला चादरी अंथरून झोपली होती. मोहदरी घाटात लेक एकच विचारत राहिली, "श्वास चाललाय ना गं?" मी मोबाईलच्या उजेडात त्याचं पोट वरखाली होताना मोजत होते. पुरा एक मिनिट, अर्धा मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो. चोपन्न भरले. साठ किंवा जास्त असले तर ती धोक्याची खूण.

१५ एप्रिल, सोमवार. नाशिक

पहाटेपर्यंत तीन नमुने गेले. रक्त, नळी घालून घेतलेली लघवी आणि पाठीतलं पाणी. पाठीतल्या पाण्याचं नाव काढताच लेक कोसळली. "त्याला पांगळं करतील." डॉक्टर तरुण होत्या, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. मणक्यातली सुई ज्या जागी घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मग म्हणाल्या, "मोठं माणूस सांगतं, घसा दुखतो, लघवीला जळजळ होते. हा काही सांगू शकत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज असली तरी याची मान ताठ होईलच असं नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं की आम्ही शोधतोच, अंदाज करत नाही."

मी तापाच्या बाटलीचं विचारलं. दिली असती तर? त्या म्हणाल्या, ताप उतरला असता, आजार आत तसाच राहिला असता आणि तुम्ही सकाळपर्यंत घरी थांबला असता. मग त्यांनी खिशातून पेन काढून आणखी एक गोष्ट लिहून दिली, ती इथे उतरवते, कारण ती घराघरात हवी. पॅरासिटामॉलचे थेंब बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात. साधं सिरप पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं, म्हणजे एका मिलीत पंचवीस. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्या. सिरपचे अडीच मिली कुणी थेंबांच्या बाटलीतून दिले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं.

सलाईन लागलं. प्रतिजैविक कल्चरची वाट न बघता सुरू केलं. लेकीने मधूनमधून पाजायचं, ते थांबवायचं नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

कल्चरला अठ्ठेचाळीस तास. बाकावर बसून मी सासूबाईंचा विचार करते आहे.

त्या विड्या वळायच्या. आमच्या आळीत तेव्हा घरोघरी सूप होतं. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू, शेजारी झोळीत पोर. १९६३ च्या पावसाळ्यात त्यांचं तिसरं मूल गेलं. सव्वा महिन्याचं होतं. बारसं व्हायचं राहिलं होतं, म्हणून त्याला नावही नाही. म्हातारपणी एकदाच, दिवे लागायच्या वेळी, त्या मला बोलल्या. दोन दिवस अंग कढत होतं, धुरी केली, अंगारा लावला. "मंग अंग गार पडलं गं. आमी म्हटलं, उतरला ताप. मी सूप वढलं आन् इड्या वळाया बसले."

काल रात्री मी डॉक्टरांना ते विचारलं. अंग गार कसं पडतं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, इतक्या लहान बाळाचा जंतुसंसर्ग वाढला की कधी कधी शरीराची ऊब टिकवायची ताकदच संपते. म्हणून आमच्या तक्त्यात दोन आकडे असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत ९९.५ किंवा वर, म्हणजे साडेसदतीस सेल्सिअस, आणि साडेपस्तीसच्या खाली, म्हणजे ९५.९. वरचा आणि खालचा, दोन्ही सारखेच घाबरायचे. सोबत दूध न ओढणं, झटके, छाती आत ओढली जाणं, हलवल्याशिवाय हात-पाय न हलवणं यातलं एक जरी दिसलं तरी आकडा काहीही असो, बाळ दवाखान्यात हवं.

साठ वर्षं सासूबाईंनी तो दोष स्वतःच्या पदरात बांधून ठेवला. त्यांना खालचा आकडा सांगणारं कुणी नव्हतं. मापायचं साधनही नव्हतं.

मला गडचिरोली आठवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ पासून एकोणचाळीस गावांत गावच्याच बायकांना तान्ह्या बाळाचं वजन करायला, ताप मापायला, श्वास मोजायला शिकवलं. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरच्या घरी इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर घरी येऊ लागल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीसुद्धा. आमच्याकडे त्या पाच वेळा आल्या. मी चहा विचारायचे आणि मनात म्हणायचे, आम्हाला काय, आम्ही शिकलेले. काख कोरडी पुसायची हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

१७ एप्रिल, बुधवार, रामनवमी

लघवीच्या कल्चरमध्ये ई-कोलाय. पाठीतलं पाणी स्वच्छ, रक्तात काही वाढलेलं नाही. लेक रडली, या वेळी वेगळं. तीन महिन्यांच्या आतल्या तापाच्या बाळांत दडलेला जंतू सापडला तर तो बहुधा लघवीच्या मार्गातच असतो, या वयात मुलग्यांत जास्त. बाहेरून काहीच दिसत नाही. ना खोकला, ना सर्दी, ना पुरळ. दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी करायची आहे. ताप ९९ वर आला. दुपारी बारा वाजता, कुठल्याशा देवळात जन्माच्या घंटा वाजत असताना, तो सलग बारा मिनिटं प्यायला.

२३ एप्रिल, मंगळवार

काल घरी आलो. सोनोग्राफी ठीक आहे. तोंडावाटे औषध अजून काही दिवस.

आशाताई बेचाळिसाव्या दिवशी येऊन कुलूप बघून गेल्या होत्या, आज पुन्हा आल्या. मी त्यांच्यासमोर डावी पानं उघडली. त्यांनी १४ तारखेवर बोट ठेवलं. "इथं दूध कमी झालं. ताप दिसायच्या आधी." मग मागच्या वाडीतली गोष्ट सांगितली. तिथल्या सुनेला पैशांची धास्ती, म्हणून आजारी बाळ घरी ठेवलं होतं. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधं आणि न्यायची-आणायची गाडी फुकट आहे, १०२ ला फोन करायचा, हे तिला ठाऊकच नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पण त्या भिंतीपर्यंत पोचायचं तर आधी घरातून निघावं लागतं.

जाऊबाईंना मी फ्रिजमधली बाटली दाखवली आणि चौपटीचा हिशेब सांगितला. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ वाचली.

९ मे, गुरुवार

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर राहिलेलं लसीकरण आज झालं. पेंटा, न्यूमोनियाची लस, पोलिओचं इंजेक्शन, पोलिओचे थेंब, रोटा. दोन्ही मांड्या आणि उजवा दंड. नर्सताईंनी बजावलं, रात्री ताप येईल, दुखऱ्या जागी तेल चोळायचं नाही, शेकायचं नाही. वजन ४.८ किलो, त्या वजनावर औषधाचा डोस लिहून दिला.

रात्री १० वाजता १००.६. लेकीचे हात थरथरले. बाळ या वेळी मोठमोठ्याने रडत होतं, आणि पाजायला घेतल्यावर ओढून ओढून प्यायलं. तरी मी डॉक्टरांना फोन केला. तीन महिने होईपर्यंत विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, असं ठरलंय. त्यांनी वय विचारलं, लस कधी दिली, शू किती वेळा. मग म्हणाल्या, द्या, लिहिलाय तेवढा डोस. दोन दिवसांनंतरही ताप राहिला किंवा दूध सुटलं तर या. बाटलीसोबत आलेल्या ड्रॉपरने औषध मोजलं. लेकीने एकदा पाहिलं, मी एकदा पाहिलं. जाऊबाई चष्मा लावून आल्या आणि त्यांनीही पाहिलं.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

सकाळी पितरांची घागर भरली. सासूबाईंचं नाव घेऊन पाणी सोडलं. मग बाजारातून आणलेली मातीची धाकटी केळी भरून घागरीशेजारी ठेवली. घरात कुणी काही विचारलं नाही. जाऊबाईंनी तिच्यावर फूल ठेवलं.

डाव्या पानावर:
पहाटे ५.४०: ९८.८. प्यायला, ११ मिनिटं.
सकाळी ८.१५: ९८.४. शू झाली. डाव्या मांडीवर थोडी सूज, हात लावला की रडतो.
सकाळी १०.०५: प्यायला, ९ मिनिटं. हसला.