गड नाही, किल्ला नाही, मग कशाला आलात?

पावसाळा आला की आपल्या हिंगोलीची पोरं रात्रीची गाडी पकडून हरिश्चंद्रगडाला, कळसूबाईला जातात. मीही गेलोय, फोटोही टाकलेत. पण औंढ्याच्या अलीकडचे-पलीकडचे डोंगर चाळिशी उलटेपर्यंत पायी चढलो नव्हतो. नागनाथाला गेलो की दर्शन, प्रसाद आणि गाडीत बसून परत. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मामांना म्हणलं, चला एक दिवस. मामा सत्तरीचे. लहानपणी याच वाटांनी ते औंढ्याच्या बाजाराला चालत यायचे.

सकाळी सातला पिंपळदरीच्या अंगानं चढायला लागलो. या भागातली नावं बघा: पिंपळदरी, राजदरी, आमदरी. गाडीतून जाताना ही नुसती पाट्यांवरची अक्षरं असतात. पायी गेलं की कळतं, प्रत्येक नावात दरी का आहे. उंची म्हणाल तर फार नाही, सह्याद्रीवाले हसतील. पण एक टेकाड चढलं की पठार, पठार संपलं की पुन्हा घळ, परत चढ. सागाची पानं गळालेली, पळस नुकता पेटायला लागलेला, आणि दहा वाजताच दगड तापलेला.

हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थांबला, पुन्हा त्याच्यावर वाहिला. असे थर एकावर एक बसून जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरचं दख्खनचं पठार झालं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि आपला हा टेकाडांचा पट्टा एकाच दगडाचा. नागनाथाचं देऊळही याच काळ्या पाषाणाचं. म्हणजे ज्वालामुखीचा डोंगर बघायला तिकीट काढून कुठं जायची गरज नाही, एसटीनं औंढ्याला उतरलं तरी पुरे.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. मामांना पुस्तक माहीत नाही, पण त्यांनी जन्मभर विहिरी खोदल्यात. एका घळीत कडा उघडा पडला होता, तिथं त्यांनी काठीनं दाखवलं. "हा खालचा काळा पत्थर, याच्यात पाणी नसतं, सुरुंग वाया जातो. हा मांजऱ्या, बारीक भोकांचा, पांढऱ्या गारगोट्या भरलेला. आन् ही तांबडी मातीची पट्टी दिसती का? पाणी हिच्यावर अडतं." पट्टीच्या वर बोट लावलं तर खरंच ओल होती. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जी माती झाली, ती पुढच्या लाव्ह्यानं भाजली, तीच ही तांबडी पट्टी. पाऊस वरच्या मुरमात जिरतो, फटींतून खाली उतरतो, पट्टीवर अडतो आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन निघतो. म्हणजे वरचा मुरूम ही डोंगराची टाकी. मामांनी हे दोन वाक्यांत सांगितलं, मी चार ओळी घेतल्या.

वाटेत एका वस्तीवर चहा झाला. विषय निघालाच. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्याच वर्षी १० जुलैला सव्वासातच्या दरम्यान तेवढाच दुसरा. त्यांच्या भिंतीला तिरपी भेग आहे, तिच्यावर कॅलेंडर लावलंय. धक्का नसला तरी जमिनीतून गुर्रर्र आवाज येतो, हे या पट्ट्यातल्या गावांना नवीन नाही. पेपरात "गूढ आवाज" म्हणून चौकट येते आणि विषय संपतो. चहा देणारा म्हणाला, "साहेब, आवाज आला की आधी म्हातारीला बाहेर काढायचं, मग बकऱ्या, एवढं ठरलंय." गंमत बघा, याच तालुक्यात दुधाळ्याला लायगोचा प्रकल्प होतोय. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि प्रोटॉनपेक्षा हजारो पट बारीक हालचाल मोजणारं यंत्र. होऊ द्या, अभिमानच आहे. पण दुसऱ्या आकाशगंगेतला हादरा टिपणार आपण, आणि या कॅलेंडरामागची भेग टिपायला कोण येणार?

दुपारी एकला आमचं पाणी संपलं. चूक माझी. दोघांत तीन लिटर घेतलं होतं, गडावर कसं टपरीवर पाणी मिळतं, त्या सवयीनं. मामा काही बोलले नाहीत, पण बाभळीखाली बसले ते उठेनात, ओठ पांढरे पडलेले. खरंच घाबरलो. मोबाइलला रेंज नाही. त्यांना कसंबसं उठवून अर्धा तास चालत एका तांड्यावर पोचलो.

म्हातारीनं खाटेवर बसवलं, तांब्या दिला. मामा सावकाश प्यायले, मग मी. दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. मग मी बाटल्या पुढं केल्या. ती म्हणाली, "प्या भाऊ, पाहिजे तेवढं प्या. पन बाटल्या भरू नका. नातीनं सकाळपासून दोन खेपा केल्यात." दारात हंडे होते, चार. नळाचा पाइप आलाय, तोटी आहे, पाणी नाही. झरा होता, वरच्या अंगाला. आता दिवाळीनंतर आटतो. "आधी होळीपतोर चालायचा," म्हणाली.

तिनंच विचारलं, "इथं गड नाही, किल्ला नाही, मग कशाला आलात?" मला उत्तर सुचलं नाही.

उतरताना वाट वरच्या अंगानं गेली, तेव्हा कारण दिसलं. डोंगराचा अख्खा खांदा कापलेला. जेसीबीच्या दातांचे ओरखडे ताजे, टिप्परच्या चाकांची वाट थेट डांबरी रस्त्यापर्यंत. मुरूम सगळा गेलेला, खाली तो काळा पत्थर उघडा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असे खांदे एकाच गावात कापलेले नाहीत. परवाना होता की नव्हता, ते मला माहीत नाही. पण परवाना ब्रासवर मोजतो, स्वामित्वधन ब्रासवर भरतात. त्या मुरमात किती पाणी मुरत होतं, ते कुठल्या पावतीवर येतं? रस्ते नकोत, घरं नकोत असं माझं म्हणणं नाही. पण खाली झरा आहे का आणि त्यावर कोण पाणी पितं, एवढं तरी ग्रामसभेत विचारून मगच जेसीबी लावावा. या महिन्यात आपापल्या गावात कुणाला हा ठराव मांडायचा असेल तर सांगा, अर्ज लिहायला मी येतो.

आणि पर्यटन, पर्यटन म्हणणाऱ्यांना एक विनंती: पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट नकोत. यायचं तर पाणी घरून आणा, माणशी चार लिटर.

मामा आता बरे आहेत. त्या रात्री घरी आलो, चपला काढल्या आणि ओट्यावर बसलो. हे घर बांधताना प्लॉट खोल होता, पायात अकरा टिप्पर मुरूम टाकला होता. दुसऱ्या दिवशी त्या टिप्परवाल्याला फोन केला, तो कुठला होता म्हणून. तो म्हणाला, "डोंगरातलाच की भाऊ, एक नंबर माल. अजून पाहिजे का?"