आजीचं नाक आणि हनुवटी

चित्रकलेची माझी आवडती पुस्तकं दोन. पण ती कशी वापरायची, हे मला कळलं ते आजीमुळे.

आमचं घर वसईजवळच्या भुईगावचं. मी सातवीत असताना मामानं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून एक जुनं पुस्तक आणलं. अँड्र्यू लूमिस या अमेरिकन चित्रकाराचं ‘फन विथ अ पेन्सिल’, १९३९ सालचं. माझं इंग्रजी यथातथाच, पण चित्रं बोलकी होती. आधी चेंडू काढायचा, त्याच्या दोन्ही बाजू थोड्या कापायच्या, मग भुवयांची रेघ. केसांपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या टोकापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत, तिन्ही अंतरं सारखी! पंधरा दिवसांत माझी वही भरली.

मग आजीचं चित्र काढलं. ती पडवीत मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. चित्र बघून म्हणाली, “लुगडं माझंच रे बाळा, पण तोंड कोणाचं?”

मी हिरमुसलो. आमच्या चित्रकलेच्या सरांना वही दाखवली. त्यांनी कपाटातून दुसरं पुस्तक काढलं. किंकेड यांनी व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितलेलं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, १९१४ सालचं. चित्रं एम. व्ही. धुरंधरांची. त्यातल्या बायकांची लुगडी, बसण्याची ढब, सगळं आपल्याकडचं.

सर म्हणाले, “धुरंधरही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विलायती पद्धतच शिकले. पण काढली ती इथली माणसं. माप पुस्तकातून घे, बघ मात्र आजीकडे.”

पुन्हा पडवीत बसलो. हात लांब करून पेन्सिलीनं आजीचा चेहरा मोजला आणि चमकलोच. नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर बरंच कमी भरलं! आजीचे दात पडले होते, त्यामुळे हनुवटी वर आली होती. रोज बघत होतो, पण दिसलं नव्हतं. लूमिसचं माप ठाऊक नसतं, तर ते कमी आहे हेही कळलं नसतं.

या वेळी आजी चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. “ही मीच,” म्हणाली आणि बोळकं पसरून हसली.

त्याच पावसाळ्यात आजी गेली. घरात तिचे फोटो आहेत, पण सगळे तरुणपणचे. आम्हाला आठवते तशी आजी फक्त त्या वहीत आहे.

तेव्हा मापं जरूर शिका. मग ती घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर धरून बघा आणि कुठे जुळत नाहीत ते शोधा. उद्यावर ढकलू नका.