समासातले शेरे

कादंबरीच्या पहिल्या वाचनात पेन्सिल हाती धरू नये, हा माझा जुना परिपाठ आहे. कारण कथानकाच्या ओढीने धावणाऱ्या मनाला अर्ध्या वाटेत अडवून त्याच्याकडून हिशेब मागणे हा त्या मनावर आणि ग्रंथकारावरही अन्यायच होतो. पुढे काय होणार हे ठाऊक होऊन उत्कंठा निवली, की मग मऊ शिशाची पेन्सिल घेऊन दुसऱ्या वाचनास बसावे आणि जे घडले ते ग्रंथकाराने कसे घडवून आणले, याचा तपास समासात मांडीत जावे.

विद्यार्थ्यांच्या प्रती चाळताना समासात 'वातावरणनिर्मिती', 'स्वभावरेखाटन' असे सुटे शब्द आढळतात, तेव्हा मला खेद होतो. हे शब्द म्हणजे दप्तराच्या रुमालांवरील चिठ्ठ्या. आत कोणता कागद बांधला आहे, याचा त्यांवरून काहीच खुलासा होत नाही. शेरा पुऱ्या वाक्याचा असावा, आणि त्या वाक्यात क्रियापद असावे: येथे काय दडवले, काय उघड केले, कोणाच्या तोंडून, आणि आताच का.

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी मी अशीच वाचली. १८९० साली त्यांनी सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि सारी कथा यमू स्वमुखाने सांगते. पण सांगणारी यमू आणि जिच्यावर प्रसंग गुदरतात ती यमू या एक नव्हेत: एक वैधव्याचे आणि केशवपनाच्या सक्तीचे दुःख भोगून लिहावयास बसलेली, तर दुसरी माहेरच्या अंगणात खेळणारी, पुढे सासरी गेलेली, पती रघुनाथरावांसह मुंबईच्या बिऱ्हाडात सुखावलेली. म्हणून अनुभवणारीच्या वाक्यांपाशी मी 'ती' लिहितो आणि मध्येच कथा थांबवून बोलू लागणारीच्या वाक्यांपाशी 'ही'. मुंबईच्या सुखाच्या प्रकरणांत 'ही' डोकावली, की अवघ्या प्रसंगावर पुढच्या काळाची छाया पडते, आणि ते सुख मला दुप्पट प्रिय वाटू लागते. सासरच्या शंकरमामंजींच्या सोवळ्याओवळ्याचे प्रदर्शन चालले असता मात्र मी तिसरी खूण करतो. कारण पोरवयातल्या सूनबाईला जे दिसते, त्याहून अधिक वाचकाला उमजावे, अशी शब्दांची योजना आपट्यांनी तिच्याच बोलण्यात केलेली असते. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून एवढी दीर्घ कथा वदवावी आणि तिचा सूर ढळू देऊ नये, हे कर्तृत्व केवढे, याची जाणीव मला या तीन खुणांनीच प्रथम करून दिली.

प्रकरणाच्या शेवटी मी पुस्तक मिटतो आणि तो शेवट तेथेच का तोडला, याचा तर्क पृष्ठाच्या तळाशी लिहितो. आठवडाभर वाट पाहणाऱ्या वाचकाचा धीर ग्रंथकाराला ठाऊक होता. बांधलेल्या पुस्तकात तो मुक्काम राहत नाही, तो आपणच करावा लागतो.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ची, १९३९ सालच्या त्या लहानशा कादंबरीची, गोष्ट निराळी. तेथे चक्रधराचे निवेदन वाचीत आपण बोटीवरून चाललेलो असतो आणि अखेरीस त्याला बोटीवर भेटलेल्या हॅर्टाची पत्रे हाती पडतात. त्या पत्रांनी आधीचे कित्येक शेरे अपुरे ठरतात. ते मी खोडीत नाही. निळी पेन्सिल घेऊन मागे जातो आणि चक्रधराने हॅर्टाविषयी जेथे जेथे निर्णय दिला आहे, तेथे पत्रांतील तिच्या जबानीचा पृष्ठांक नोंदवून ठेवतो.