काट्याची साक्ष

गेल्या श्रावणात आम्ही उभयतांनी भात, पोळी आणि साखर सोडली. (श्रावण हे निमित्त, धर्माचा संबंध नव्हता.) आठव्या दिवशी काटा दोन-दोन किलोंनी उतरला आणि स्टाफरूममध्ये आम्ही बऱ्यापैकी मिरवून घेतले. "सर, ते पाणी आहे," जीवशास्त्राच्या बाई शांतपणे म्हणाल्या.

यकृत आणि स्नायू यांत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन साठलेले असते व त्याच्या दर ग्रॅममागे निदान तीन ग्रॅम पाणी. पिष्टमय अन्न तुटले की हा साठा ओसरतो, पाणीही जाते. दोन दिवस यथेच्छ पुरणपोळी झाली की दोन्ही परततात. मेदाचा हिशेब निराळा. एका किलोमागे सुमारे 7,700 कॅलरी धरल्या, तर आठवड्यात दोन किलो मेद जाळायला रोज 2,200 कॅलरींची तूट हवी, म्हणजे जवळजवळ निराहारच. आम्ही तर पनीर चापत होतो!

चरकसंहितेतील अष्टौनिन्दितीय अध्याय तेव्हा पुन्हा काढला. तेथे अतिस्थूलाचे लक्षण तोलून सांगितलेले नाही; वाढलेल्या मेद-मांसामुळे पोट, नितंब हलतात का आणि त्या मानाने अंगी उत्साह आहे का, हे पाहिले आहे. मेद आणि मांस हे तेथे दोन वेगळे धातू. आम्ही मात्र 'वजन' या एकाच शब्दात सारे कोंबले होते.

त्या कोंबण्याची किंमत आमच्या दादांनी मोजली. वय 74. आमचे पाहून त्यांनीही भाकरी सोडली. तिच्या जागी डाळ, अंडी वाढवली नाहीत, फिरणेही कमी झाले. तीन महिन्यांत सहा किलो उतरले. येणारा-जाणारा "तब्येत छान केलीत" म्हणे आणि आम्ही कौतुकाने माना डोलवीत होतो. मग एके सकाळी पाटावरून त्यांना उठवेना. डॉक्टरांनी मांड्या चाचपल्या. गेले होते त्यात स्नायूच फार होते. पोटाचा घेर जेमतेम इंचभर हलला होता.

आता ते उसळीबरोबर अर्धी भाकरी खातात आणि रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात, मोठ्याने आकडे म्हणत. काल आठव्याला थांबले. वजनाचा काटा कपाटाखाली सरकवला आहे. शिवणाच्या डब्यातली टेप मात्र खुंटीला टांगलेली असते.