खार : ती की तो?

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगररांगांत मोलगी हे गाव वसले आहे. तेथून उत्तरेकडे गेले, की डोंगर उतरत उतरत नर्मदेला भेटतात. या डोंगरांतील पाड्यांवर राहणाऱ्या अनेक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. भिली किंवा पावरी ही त्यांची मायबोली. शाळेची भाषा मात्र मराठी. पाड्यापासून शाळेपर्यंतची वाट पायांना जितकी चढणीची, तितकीच ती जिभेलाही चढणीची असते.

शेळ्यांमागे रानात हिंडणाऱ्या मुलाला प्राणी पुस्तकातून ओळखावे लागत नाहीत. खार ओरडू लागली, की दर ओरडण्याबरोबर तिच्या शेपटीला झटका बसतो, हे त्याने पाहिलेले असते. झाडाला वेढा घालून ती नेमकी पलीकडच्या बाजूने वर कशी जाते, हेही त्याला ठाऊक असते. असे हे मूल शाळेत येते आणि गुरुजी सांगतात, ''खारीचे वर्णन कर पाहू.'' मूल गप्प! डोळ्यांपुढे खार नाचते आहे, पण ओठांवर शब्द येत नाहीत. समजा, मोठ्या धीराने ते उठले आणि म्हणाले, ''खार झाडावर चढला.'' लगेच सारा वर्ग हसतो. मूल खाली बसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हात वर होत नाही. अशा वेळी वर्गाचे किती मोठे नुकसान होते! कारण त्या वर्गात खारीविषयी सर्वांत अधिक सांगण्यासारखे कदाचित त्याच्याचपाशी होते.

मुलाची चूक झाली, यात शंका नाही. पण ती निरीक्षणाची नव्हे, प्रत्ययाची. मराठीत खार ती, बेडूक तो आणि कासव ते. खारींत नर असतात, बेडकांत माद्या असतात. तरीही शब्द आपले लिंग सोडत नाही. फ्रेंच भाषेत तर नपुंसकलिंगच नाही. तेथे बेडूक आणि कासव हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, उंदीरही स्त्रीलिंगी. आणि मौज अशी, की खार पुल्लिंगी! मोलगीच्या वर्गात ज्या 'तो'ला सारे हसले, तोच 'तो' पॅरिसच्या शाळेत बरोबर ठरला असता. फ्रेंच मुले पांढऱ्या घोड्याला 'शव्हाल ब्लाँ' म्हणतात आणि पांढऱ्या गाईला 'व्हाश ब्लाँश'. आपला 'पांढरा' जसा गाईपुढे 'पांढरी' होतो, तसाच त्यांचा 'ब्लाँ' 'ब्लाँश' होतो; फक्त रंगाचा शब्द प्राण्याच्या मागून येतो. प्रत्येक भाषेची अशी आपली रीत असते. ती परक्याला शिकूनच घ्यावी लागते.

याच फ्रान्समध्ये एकेकाळी घडलेली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या देशाच्या पश्चिमेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील खेड्यांतील मुले घरी ब्रेतों भाषा बोलत. एकोणिसाव्या शतकात, आणि विसाव्याच्याही पूर्वार्धात, तेथील अनेक शाळांत एक कठोर प्रथा होती. जो मुलगा ब्रेतों बोलताना सापडे, त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुना लाकडी जोडा अडकवीत. त्याला 'गाय' असेही म्हणत. दुसरा कोणी तीच भाषा बोलताना पकडला, की ती 'गाय' त्याच्या गळ्यात जाई. दिवस संपताना ती ज्याच्यापाशी उरे, त्याला शिक्षा होई. गाईचे वर्णन शिकायचे त्या वयात मुलांना गाईची भीती वाटू लागली! मुले फ्रेंच शिकली खरी. पण पुढे त्यांतील कित्येकांनी आपल्या मुलांशी मायबोली बोलणेच सोडले. युनेस्कोच्या धोक्यातील भाषांच्या यादीत आज ब्रेतोंचे नाव आहे.

भारताच्या राज्यघटनेने निराळा मार्ग दाखविला आहे. १९५६ साली तीत घातलेला ३५०क हा अनुच्छेद सांगतो, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. नर्मदाकाठच्या गावांत १९९० नंतरच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाच्या पुढाकाराने जीवनशाळा सुरू झाल्या. त्यांनी मुलांच्या बोलीला वर्गात स्थान दिले आणि तिच्या आधाराने मराठी शिकविली.

ही रीत साधी आहे. आधी प्राणी नीट पाहावा. मग त्याच्याविषयी आपल्या बोलीत मनमोकळे सांगावे. त्यानंतर एकेका वस्तूला मराठी शब्द द्यावा : शेपटी झुपकेदार, पाठीवर पट्टे, चाल चपळ. 'चढला'च्या जागी 'चढली' हे शेवटी, न हसता सांगावे. असे केले, की मुलाचे जुने शब्द जात नाहीत आणि नवे शब्द मात्र पदरी पडतात.

मुलांनो, तुमच्या वर्गात असा एखादा सोबती असेल, तर त्याला विचारा, ''तुमच्याकडे खारीला काय म्हणतात?'' तो सांगू लागेल. तुम्हांला एक नवा शब्द मिळेल, आणि त्याला आपला आवाज मिळेल.